दुसरी हॅम

सीडर क्रीक, केंटकी
१६ जानेवारी १९९४

प्रिय ट्विला,

तू आणि डुएन दोघंही सुखरूप असाल असं धरून चालते. आमचं नवरा-बायकोचं बरं चाललंय. हॉबर्टचा गुडघा थंडीनं कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा हॉबर्ट जास्त कुरकुरतो. तुझा फोन लागत नाही. नंबर आता वापरात नाही, असं एक बाई फार गोड आवाजात सांगते. मार्लानं त्या बाईचं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकलं आणि मग म्हणाली, "मावशी, तू पत्रच लिही."

तर बातमी तुझ्या लेकीचीच आहे. तिनं यंदा शेती क्लबात हॅमसाठी नाव घातलं. काल सगळी पोरं मिस्टर पुर्विसांच्या शेडमध्ये जमली होती. थंडी अशी की नाकातलं पाणी ओठावर गोठावं. प्रत्येक मुलाला डुकराच्या दोन मांड्या, बादलीत मीठ, साखर, काळी आणि लाल मिरी. आमच्या वेळी हे घरात शिकवत, आता त्याला क्लब लागतो, हे ओघानं आलं. पण पुर्विस माणूस चांगला आहे. पोरांच्या मागे फिरत ओरडत होता, "अरे, मीठ लावताय की गालाला पावडर? घासा! हात लाल झाले पाहिजेत!"

मार्लाला त्यानं ओरडा दिला नाही. ती हाडाच्या तोंडाशी अंगठ्यानं मीठ दाबत होती, तू दाबायचीस तसं. पुर्विस थांबला आणि म्हणाला, "हे कुणी दाखवलं तुला?" तर म्हणाली, "माझी आई असंच करते." तिनं तुला कधी हॅम खारवताना पाहिलेलं नाही, ट्विला. तुझे अंगठे लहान होते म्हणून बाबा ते काम नेहमी तुलाच द्यायचे, ही गोष्ट मी कधीतरी तिला सांगितली होती. तेवढ्यावर तिनं 'करते' म्हटलं. मी दुरुस्त केलं नाही.

दोन मांड्यांतली एक जत्रेची आणि एक घरची, असा क्लबाचा रिवाज आहे. जत्रेची परीक्षकांपुढे जाते, घरची घरात कापतात. बाकीच्या मुलांच्या मांड्या क्लबाच्या शेडमध्येच टांगतील. मार्लानं हट्ट धरला की तिच्या आजोबांच्या धुरीघरातच टांगायच्या. हॉबर्टनं कालच दोन आकडे साफ करून दिले. मी सहज विचारलं, घरची हॅम कधी कापायची, थँक्सगिव्हिंगला की नाताळात? तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही चोरायलाच निघाले आहे. "ती आईची आहे," म्हणाली. वसंतात पिशवीत घालायची असते ना, त्या मांजरपाटाच्या पिशवीवर तिनं आत्तापासूनच लाल दोऱ्यानं 'आईसाठी' असं काढून ठेवलंय. टाके वाकडे आहेत, पण वाचता येतं.

ऑगस्टमध्ये लुईव्हिलच्या जत्रेत तिला स्टेजवर उभं राहून हॅमबद्दल बोलायचं आहे. इंडियानापोलिसहून लुईव्हिल काही लांब नाही. ये. पोशाख नको, भेटवस्तू नको, नुसती ये आणि खुर्चीत बस.

मार्लाला इथं सोडताना तू 'उन्हाळ्यापर्यंत सांभाळ, ताई' म्हणाली होतीस. तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. आता ती माझ्या खांद्याला लागते. कोणता उन्हाळा ते तू तेव्हा सांगितलं नव्हतंस, मीही विचारलं नव्हतं. यंदाचा धरू या.

तुझी ताई,
इमोजीन


सीडर क्रीक
२८ ऑगस्ट १९९४

प्रिय ट्विला,

तुझं कार्ड मिळालं. मांजराचं चित्र छान आहे. गाडी ऐन वेळी बंद पडली हे वाचून वाईट वाटलं. गाडीची तब्येत आता सुधारली असेल.

जत्रेचं सांगते, कारण तू विचारलेलं नसलंस तरी तुला कळायला हवं.

हॅमला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली. आत नासलंय का ते कळायला परीक्षक दाभण खुपसतो हाडाशी आणि हुंगतो, तुला माहीतच आहे. मार्लाच्या हॅममधून दाभण काढून त्यानं नाकाशी नेलं आणि बराच वेळ तिथंच ठेवलं. मी पाठीमागे हॉबर्टच्या दंडात नखं रुतवून उभी होते. मग तो हसला आणि शेजारच्या परीक्षकाला म्हणाला, "घे, तूही मजा कर." बाबा असते तर तिथंच टोपी उडवली असती.

बोलण्यात मात्र तिसरी आली. सुरुवात अशी केली की शेवटच्या रांगेतली म्हातारी माणसं पुढं सरकली. मीठ कसं लावायचं, हिकरीच्या लाकडाची धुरी का, पिशवीत घालताना नडगीची बाजू खाली का ठेवायची, सगळं खणखणीत. मग दारातून पिवळ्या कपड्यातली एक बाई आत आली. तुझ्यासारखेच केस. मार्ला बोलता बोलता थांबली. बाई वळली, ती कुणी वेगळीच होती. पुढचं वाक्य सापडायला पोरीला इतका वेळ लागला की पुर्विस खाली बसून ओठांनी शब्द पुरवायला लागला. आमच्या शेजारच्या खुर्चीवर तिनं सकाळीच तिचा स्वेटर टाकून जागा धरली होती. दोघा-तिघांनी विचारलं, ही रिकामी आहे का? हॉबर्ट प्रत्येकाला सांगत होता, "नाही हो, येतायत."

शेवटी परीक्षकानं प्रश्न टाकला. "समज, मी शहरातून तुझी हॅम घ्यायला आलोय. पिशवी उघडली तर वर हिरवी बुरशी. मी म्हणतो, ही कुजलीय, फेकून दे. तू काय म्हणशील?"

मार्लाचा चेहरा तेव्हा कुठं पुन्हा जागेवर आला. म्हणाली, "फेकू नका म्हणेन. चांगल्या हॅमला बुरशी येतेच. काथ्याचा ब्रश घ्या, व्हिनेगरच्या पाण्यानं घासा, धुवा. आत काही झालेलं नसतं. आमच्या घरात हे सगळ्यांना येतं. माझी आई माझ्याहून लहान होती तेव्हापासून तिचा स्वतःचा ब्रश आहे." टाळ्या पडल्या. ब्रश आजही धुरीघरात खिळ्याला आहे, ट्विला. दांड्यावर बाबांनी तापल्या तारेनं कोरलेलं तुझ्या नावाचं अक्षर आहे.

एक खरं सांगू? रिकाम्या खुर्चीकडे बघून मला संताप आला आणि त्याच्याच खाली कुठंतरी हायसं वाटलं. तू आली असतीस तर ती तुझ्यामागे चालत गाडीपर्यंत गेली असती आणि गाडीत बसली असती. मी असा विचार करते हे मला आवडत नाही. पण करते.

परत येताना गाडीत मार्ला म्हणाली, "गाडी बंद पडली असेल तिची." तेव्हा तुझं कार्ड यायचं होतं. तुझं निमित्त काय असणार हे लेकीला तुझ्या आधी सुचतं.

घरची हॅम अजून टांगलेली आहे.

तुझी ताई,
इमोजीन


१३ ऑक्टोबर

ट्विला,

घाईत लिहिते. तू मार्लाला शनिवार-रविवारसाठी बोलावलंस, बसचं तिकीटही पाठवलंस, हे बरं केलंस. उद्याच्या बसनं येते आहे. हे पत्र तिच्याच हाती देते आहे. बसथांब्यावर उशीर करू नकोस.

ती हॅम घेऊन येते आहे. सामान खालच्या कप्प्यात ठेव म्हटलं तर नाही म्हणाली, मांडीवर घेऊन बसणार आहे म्हणे एवढा वेळ. ड्रायव्हरनं हरकत घेतली तर ते मूल आहे असं सांगेन, म्हणाली. किती दिवसांनी विनोद केला पोरीनं.

भिजवणं-शिजवणं तुला सांगायची गरज नाही.

ताई


सीडर क्रीक
४ डिसेंबर १९९४

ट्विला,

पत्र मिळालं. तू आणि डुएन मजेत आहात, नवं घर मोठं आहे, आणि फेब्रुवारीत तुला मूल होणार आहे हे वाचलं. अभिनंदन. तब्येतीला जप, पहिल्या वेळी तुला शेवटचे दोन महिने पाय सुजून फार त्रास झाला होता, मीच चोळून द्यायची.

इकडे पहिलं कडक हिम पडलं. हॉबर्टनं गुडघ्यावर कोबीची पानं बांधायचा नवा उपाय काढला आहे, घरभर वास येतो. धुरीघराचं छप्पर एका बाजूनं शाकारून घेतलं. थँक्सगिव्हिंगला पुर्विस सहकुटुंब आला होता. त्याची बायको रताळ्याचं गोड पक्वान्न भाजून घेऊन आली होती, वरून जळलेलं, पण सगळ्यांनी दुसऱ्यांदा मागितलं. माणसं चांगली आहेत ती.

तू लिहितेस की मार्लानं आणलेली हॅम अप्रतिम होती. डुएनच्या मित्रांना जेवायला बोलावलं होतंस आणि सगळ्यांनी बोटं चाटत खाल्ली, हाडसुद्धा उरलं नाही. 'बाबांची आठवण आली, ताई' असंही लिहिलंयस.

मी हे पत्र दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात गेले आणि ते हाड बघून आले. वालात घालून शिजवायला राखून ठेवलं होतं मी ते.

आता सगळंच सांगते, कारण न सांगता पत्र पुरं होत नाही असं दिसतंय.

ऑक्टोबरात मार्ला परत आली त्या दिवशी बसमधून उतरताना तिच्या पाठीवरची पिशवी इतकी जड होती की हॉबर्ट हात द्यायला गेला. तिनं देऊ दिला नाही. मला वाटलं, आईनं काहीबाही घेऊन दिलं असेल, कपडे, बूट. बरं वाटलं मला. घरी आल्यावर ती सरळ धुरीघरात गेली. मी हाका मारते आहे, जेवण निवतंय, आणि ही बाहेर येईना. गेले तर बादलीत व्हिनेगरचं पाणी, हातात तुझा ब्रश, आणि पुढ्यात तिची हॅम. मांजरपाटाच्या पिशवीसकट. पिशवीचं तोंड कात्रीनं कापलेलं. दोरी सोडवायचाही कंटाळा केलास, ट्विला? बाबा म्हणायचे, जो दोरी कापतो त्याला खायची घाई असते. तुला फेकायची होती.

मी विचारलं, "अगं, परत का आणलीस?"

म्हणाली, "कचऱ्याच्या डब्यात होती."

रविवारी सकाळी तू तिला केर टाकायला खाली पाठवलंस. डब्याचं झाकण उघडलं तर वरतीच ही, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, लाल दोऱ्याची अक्षरं बाहेर आलेली. आणि जिना चढून ती वर आली तेव्हा तू कॉफी ओतत तिला म्हणालीस, "काल रात्री तू झोपल्यावर डुएनचे मित्र आले होते गं, तुझी हॅम फस्त केली सगळ्यांनी!" तिनं विचारलं, "आवडली?" तू म्हणालीस, "वेड लागलं त्यांना." मग ती पुन्हा खाली गेली, विसरलेला केर टाकायच्या निमित्तानं, आणि हॅम काढून घेतली. कपडे तुझ्याकडेच पलंगाखाली ठेवले आणि पाठीवरच्या पिशवीत हॅम घातली. बसथांब्यावर डुएननं पिशवी उचलून दिली ना? "काय भरलंस, विटा?" असं म्हणाला. ही म्हणाली, "पुस्तकं." तू तिला मिठी मारलीस तेव्हा तुझे हात त्या हॅमवरूनच गेले.

तिच्या कपड्यांचं काय, असं तू पत्रात विचारलंयस. 'वेंधळी आहे, निम्मे कपडे विसरून गेली.' नाही, विसरली नाही.

मी तिच्याजवळ बादलीपाशी बसले. ती घासत होती आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, आईला ठाऊक नसेल ना, बुरशी धुता येते ते?"

ट्विला, मला तेव्हा तुझी बाजू घ्यायची होती. तिच्यासाठी घ्यायची होती. मी म्हटलं, "विसरली असेल गं. शहरात इतकी वर्षं झाली."

ती थांबली. ब्रश उलटा केला आणि दांड्यावरचं अक्षर मला दाखवलं. "हे विसरते का माणूस?" एवढंच. रडली नाही. मीच रडले, आणि तिनं मला बाजूला व्हायला सांगितलं, कारण माझ्या अश्रूंची धार तिच्या धुतलेल्या हॅमवर पडत होती.

तुझी कारणं मला ठाऊक आहेत. डुएनला वास आवडला नसेल. नव्या स्वयंपाकघरात, नव्या पाहुण्यांपुढे, मांजरपाटात गुंडाळलेलं हिरव्या बुरशीचं काहीतरी टेबलावर ठेवायची लाज वाटली असेल. वाटू दे. तसं म्हणायचं होतंस. 'मला हे नको, परत ने' असं तोंडावर म्हणाली असतीस तर पोर दोन दिवस हिरमुसली असती आणि मग जेवली असती. हॅम खरंच कुजलेली असती आणि तसं तिला दाखवून फेकली असतीस तरी चाललं असतं. तू चांगलं असलेलं फेकलंस आणि वर ते खाल्लं म्हणून सांगितलंस. आणि तुला बुरशी ओळखता येत नाही असं तर देवासमोरही म्हणू नकोस. बाबांच्या हाताखाली मी मीठ चोळायची, तू हाडाशी दाबायचीस आणि शेवटी धुवायचीसही, आणि तुझ्याइतकं स्वच्छ या खोऱ्यात कुणी धूत नव्हतं.

मी ती हॅम पुरून टाकायला निघाले होते. तुझा हात लागलेलं मला घरात नको होतं. मार्लानं अडवलं. म्हणाली, "हिचा काय दोष?" हॉबर्ट दारात उभा राहून म्हणाला, "इमोजीन, डुक्कर जन्मभर उकिरडाच फुंकतं. त्याची मांडी एक रात्र उकिरड्यात राहिली तर त्याला माहेरी गेल्यासारखंच." मार्ला हसली. परत आल्यापासून पहिल्यांदाच हसली, म्हणून त्याला मी रागावले नाही.

थँक्सगिव्हिंगला तिनं स्वतः भिजवली, स्वतः उकळली, साल काढून स्वतः कापली. पुर्विसनं दाभण आणलं होतं खिशात, गंमत म्हणून. हाडाशी खुपसून हुंगलं आणि म्हणाला, "पोरी, जत्रेला चुकीची हॅम नेलीस तू. ही जास्त चांगली आहे." कुठून आली ते त्याला कुणी सांगितलं नाही. मार्लानं सगळ्यांना वाढलं, मग स्वतःच्या पानात घेतलं आणि सावकाश खाल्लं. मला म्हणाली, "आत काही झालेलं नव्हतं, मावशी."

आता तुझं म्हणणं. नाताळच्या सुट्टीत मार्लाला सामानासकट पाठव, तिकडची शाळा मोठी आहे, आता घरात तिच्यासाठी खोली आहे, आणि बाळ झाल्यावर 'तिची मला मदतही होईल.' सात वर्षं तुला लेक लागली नाही, आता दाई लागली. हे वाक्य मी तीनदा खोडायचं ठरवलं आणि खोडलं नाही.

तरी मी तुझं पत्र तिच्यापुढे ठेवलं. सगळं. बोटं चाटल्याची ओळसुद्धा. ती आता तेरा वर्षांची आहे, तिच्यापासून लपवायचं काम तू पुरेसं केलंस. मी म्हटलं, "तुझी आई आहे. जायचं असेल तर मी हसत बसमध्ये बसवेन." हसले नसते, पण बसवलं असतं. तिनं पत्राची नीट घडी घातली, मला परत दिली आणि विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवणार, लिहिलंय का?" लिहिलेलं नाही तू. "मग नंतर विचार तिला," म्हणाली, आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. हेच तिचं उत्तर आहे, तुला कळत नसेल तर मी समजावू शकत नाही.

पलंगाखालचे कपडे टपालानं पाठव. टपालाचा खर्च मी देईन. या पत्राबरोबरच्या पुडक्यात तुझा ब्रश आहे. मार्लानं हॉबर्टकडून स्वतःसाठी नवा करून घेतला, आणि जुना खिळ्याला बघवत नाही तिला. तुझी वस्तू आहे, तुझ्याकडे असू दे. बाळ मोठं झाल्यावर विचारेल कधीतरी, आई, हे काय आहे. तेव्हा तरी खरं सांग.

तुला यायचं असेल तेव्हा ये. ताट मिळेल, अंथरूण मिळेल. न्यायला म्हणून येऊ नकोस.

काल पुर्विस जानेवारीच्या मांड्यांसाठी नावं घ्यायला आला होता. मार्लाला विचारलं, "यंदा किती?" म्हणाली, "दोनच. एक जत्रेची, एक घरची." मी मांजरपाट बाहेर काढलं आणि लाल दोऱ्याची गुंडी तिच्यापुढे ठेवली, सवयीनं. तिनं गुंडी उचलून परत डब्यात टाकली.

म्हणाली, "घरचीवर नाव कशाला घालायचं, मावशी? घरातल्यांना माहीत असतं."

मार्लाची मावशी,
इमोजीन